मुक्कामाची खोली

कामासाठी दर महिन्याला परगावी जाणाऱ्या माणसाला हॉटेल देखणं नको असतं, भरवशाचं हवं असतं. तो भरवसा पहिल्याच मुक्कामात पारखून घ्यावा.

आधी विचारावं, खोलीचा दिवस कधी सुरू होतो? तुम्ही सकाळी सहाला गाडीतून उतरलात आणि हॉटेलचा दिवस दुपारी बाराला बदलत असेल, तर केवळ आंघोळीसाठी एका दिवसाचं जादा भाडं पडू शकतं. चोवीस तासांचा हिशेब असेल तिथे ही कटकट नाही. सांगितलेला दर करासह की कराविना, हेही विचारावं. सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे. त्याहून महाग खोलीवर 18 टक्के.

पण खोलीच्या आधी जिना पाहावा. फेब्रुवारी 2019 मध्ये दिल्लीच्या करोल बागेत एका हॉटेलला पहाटे आग लागली, 17 जण गेले. एप्रिल 2025 मध्ये कोलकात्याच्या बडाबाजार परिसरात, व्यापाऱ्यांच्याच वस्तीतल्या हॉटेलात 14 जण दगावले. त्यातले बरेचसे धुराने गुदमरले. म्हणून सामान ठेवलं की दुसरा जिना कुठे आहे, त्याचं दार उघडतं का, वाटेत गाद्या-खोकी रचलेली नाहीत ना, हे स्वतः चालून पाहावं.

चार खेपांनंतर मॅनेजर नावानं हाक मारील, चहा न मागता येईल. तरीही जिना पाहणं सोडू नये. घर आपलंच असतं, पण निजण्याआधी कडी लागली का, ते आपण पाहतोच ना?