मोटार जळाली नव्हती



ऐन लग्नसराईत आमच्या गटाची घरघंटी बंद पडली. बटण दाबलं की नुसतं ‘घूंऽऽ’ करायची, पट्टा काही हलायचा नाही. दारात दळणाचे डबे रांगेनं लागलेले आणि पुढच्या आठवड्यात बँकेचा हप्ता. तालुक्याहून मिस्त्री आले, त्यांनी आवाज ऐकला आणि म्हणाले, “ताई, मोटार जळाली. रिवायंडिंगचे अठ्ठावीसशे होतील, आठ दिवस लागतील.” आम्ही पैसे गोळा करायला लागलोसुद्धा.

गटातल्या एका काकूंचा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतो. तो सहज बघायला आला. मेन स्विच बंद करून त्यानं मोटारीवरचं छोटं झाकण उघडलं. आत एक काळी नळकांडी होती, तिचं तोंड फुगलेलं, खाली चिकट ओघळ. “काकी, मोटार चांगली आहे. कंडेन्सर गेलाय,” तो म्हणाला. नवा कंडेन्सर एकशे ऐंशी रुपयांना आला आणि दुपारी चारला घरघंटी सुरू झाली. मिस्त्री लबाड होते असं आम्ही म्हणत नाही, घाईत असतील. पण झाकण न उघडता अठ्ठावीसशे सांगितले, एवढं खरं.

हा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटर, करतो तरी काय? जात्यावर दोघी बसतात तेव्हा दोघींनी एकाच क्षणी एकमेकींच्या उलट ओढलं तर जातं अडतं. एकीच्या मागोमाग दुसरीनं हात दिला की गरगर फिरतं. आपल्याकडच्या सिंगल फेज मोटारीतही तारेची दोन वेटोळी असतात. कंडेन्सर दुसऱ्या वेटोळ्याला किंचित पुढे-मागे वीज पोचवतो आणि त्यामुळे मोटारीला सुरुवातीचा हिसका मिळतो. तो नसेल तर मोटार घुमते पण फिरत नाही. अशा वेळी ती नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढते आणि तापते. आमच्यातल्या एकीनं पाच-सहा वेळा बटण दाबून पाहिलं होतं. आणखी थोडं दाबलं असतं तर मोटार खरंच जळाली असती! घूं असा आवाज आला की लगेच बंद करा. पट्टा हातानं ओढून चालू करायला तर कधीच जाऊ नका, बोटं जातील.

घरातला पंखा काठीनं ढकलला की फिरतो, एरवी नाही. किंवा पाचवर ठेवला तरी रेंगाळतो. तिथंही बहुतेक वेळा कंडेन्सरच कमजोर झालेला असतो. पंखा भंगारात देण्याआधी तो बदलून बघा.

घरघंटीतल्या त्या नळकांडीत ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, कागद आणि ओलं रसायन गुंडाळून भरलेलं असतं. सुरुवातीला दोन-चार सेकंद काम करावं एवढाच तिचा जीव. व्होल्टेज कमी असलं किंवा दाणे भरलेले असतानाच बटण दाबलं की मोटार वेग घ्यायला वेळ लावते आणि नळकांडी तापते. आता आम्ही घरघंटी रिकामी चालू करतो आणि तिनं वेग घेतला की मगच दळण सोडतो.

ही गोष्ट फक्त गावच्या मोटारीची नाही. २००० सालानंतरच्या काही वर्षांत जगभर संगणक असेच बंद पडू लागले. तैवानमध्ये बनलेल्या बऱ्याच कंडेन्सरमधलं रसायन सदोष होतं. आत वायू तयार होऊन ते फुगायचे, फुटायचे. डेल या अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीनं २००५ मध्ये अशा संगणकांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. म्हणजे काही रुपयांच्या नळकांडीनं हजारोंची वस्तू बसवली. एलईडी बल्बचंही तसंच. खोक्यावर २५,००० तास छापलेले असतात, पण आतला कंडेन्सर उष्णतेनं वाळतो. साधारण दहा अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा कारागिरांचा हिशोब आहे. म्हणून बंद काचेच्या हंडीत लावलेला बल्ब लवकर जातो.

बदलताना जुन्या कंडेन्सरवरचे आकडे बघून तसाच आणा. एमएफडी म्हणून लिहिलेला आकडा तोच हवा. व्होल्टचा आकडा तोच किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही. पंख्याला बहुधा २.५ किंवा ३.१५ एमएफडीचा असतो. दुकानदार “हाच बसवा, चालतंय” म्हणाला तरी ऐकू नका. आणि हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये साठलेली वीज राहते, त्याच्या दोन टोकांना हात लावला तर झटका बसतो.

नवी वस्तू असेल तर पक्कं बिल आणि वॉरंटीचं कार्ड गटाच्या फाईलला लावा. दुकानदार दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करता येतो. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. बिल नसेल तर मात्र बोलायला जागा राहत नाही. आमचंच बिल शोधायला दोन दिवस गेले, तेव्हा सांगतोय.

तो फुगलेला कंडेन्सर आम्ही टाकला नाही. गटाच्या पेटीत रजिस्टरशेजारी ठेवलाय. ज्यांना बघायचा असेल त्यांनी येत्या मासिक बैठकीला यावं.