पिकअप थरथरून बंद पडते, तेव्हा आधी काय तपासावे?

बेळगावहून चोर्ला घाटमार्गे भाजी घेऊन गोव्यात उतरणाऱ्या डिझेल पिकअपचे इंजिन थरथरू लागले आणि वेग कमी करताच बंद पडू लागले, तर प्रश्न केवळ खोळंब्याचा राहत नाही. इंजिन थांबताच स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदतही दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपते.

अशा वेळी इंजेक्टर बदलण्याचा सल्ला लगेच मिळतो. तो महागडा आणि पुष्कळदा अनाठायी असतो. तपासाची सुरुवात डिझेल फिल्टरपासून व्हावी. त्याच्या तळाचा निचरा-स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर ठेवावे. पाणी डिझेलहून जड असल्याने ते तळाशी वेगळे दिसते. ते बरेच निघाले, तर फिल्टर बदलून भागत नाही. टाकीही साफ करावी लागते.

पाणी नसेल, तर हवेचा संशय घ्यावा. टाकीपासून डिझेल ओढून आणणारी नळी चिरली किंवा तिची क्लिप सैल झाली, तरी तेथून डिझेल गळेलच असे नाही. उलट ती बाहेरची हवा आत ओढते. म्हणूनच हा दोष जाणत्या मिस्त्रीच्याही नजरेतून निसटतो. गाडी तापल्यावरच बंद पडून निवल्यावर सुरू होत असेल, तर क्रँक सेन्सर तपासावा.

जुन्या इंजिनांत इंजेक्टरची नळी सैल करून दोषी सिलिंडर ओळखत. कॉमन रेल इंजिनावर हा प्रयोग कदापि करू नये. तेथील दाब १,००० बारच्याही वर जातो आणि डिझेलची बारीक धार त्वचा भेदून आत शिरते.