कसाऱ्याचा वारा, बिनमोटरचं विमान

पावसाळ्यात नाणेघाटात कड्यावरून कोसळणारं पाणी खाली पोहोचतच नाही, वाऱ्याच्या झोताबरोबर उलटं वर उडतं. मुरबाड आणि जुन्नर तालुक्यांच्या सीमेवरचा हा 'उलटा धबधबा' पाहायला दरवर्षी गर्दी होते. कारण साधं आहे. पश्चिमेचा वारा सह्याद्रीच्या भिंतीला अडतो आणि तिला धरून वर चढतो.

पाणी माघारी फेकणारा असा वारा एखादं छोटं विमानही पेलू शकतो. रिमोटवर विमानं उडवणाऱ्यांमध्ये या प्रकाराला 'स्लोप सोअरिंग' म्हणतात. विमानाला मोटर नसते. वाऱ्याकडे तोंड करून कड्यावरून ते हातानं सोडायचं आणि वर चढणाऱ्या हवेच्या पट्ट्यात कड्याला समांतर फेऱ्या घालत ठेवायचं. बॅटरी लागते ती फक्त रिसीव्हरला आणि दिशा बदलणाऱ्या पट्ट्या हलवणाऱ्या सर्व्होंना. कामशेतचे पॅराग्लायडरही अशाच वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगतात.

कसारा ते इगतपुरी या थळ घाटात रेल्वेचा चढ 37 फुटांना एक फूट असा आहे. गाड्यांना त्यासाठी बँकर इंजिनं जोडावी लागतात. तोच डोंगर विमानाला मात्र उचलून धरतो.

रेडिओवर विमान उडवण्याची कला जुनी आहे. अमेरिकेतल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी 1937 मध्ये 'गफ' नावाचं विमान असं उडवलं. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे. बिनमोटरच्या विमानांची मजल तर थक्क करणारी आहे. 2021 मध्ये कॅलिफोर्नियात स्पेन्सर लिझेनबी यांच्या विमानानं केवळ डोंगरवाऱ्याच्या बळावर ताशी 880 किलोमीटरचा वेग गाठला.

नवशिक्याची पहिली अडचण मात्र वेगाची नसते. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. हात गोंधळतो आणि विमान जमिनीवर येतं. म्हणून सुरुवात फोमच्या विमानानं करावी आणि शेजारी जाणता माणूस असावा. उडवण्यापूर्वी दोन्ही पंखांखाली बोटं टेकवून तोल पाहावा. नाक जड असलेलं विमान कसंबसं तरी उडतं, शेपूट जड असलेलं आवरत नाही. कड्याच्या मागच्या बाजूला हवा घुसळली जाते, तिथे विमान नेऊ नये.

कायदाही पाहायला हवा. 2021 च्या ड्रोन नियमांत शिक्षण किंवा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या 25 किलोपर्यंतच्या विमानांना 'मॉडेल' हा वेगळा दर्जा आहे. पूर्वपरवानगी न लागणाऱ्या 'ग्रीन झोन'मध्ये उंचीची मर्यादा 400 फूट, म्हणजे 120 मीटर. आपली जागा कोणत्या झोनमध्ये येते, ते 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तपासावं. घाटात रेल्वेच्या 25,000 व्होल्टच्या तारा आहेत आणि शहापूर तालुक्यात तानसा अभयारण्य आहे. या दोन्हींपासून लांबच राहावं.

शहापूर-मुरबाडच्या शाळांनी एवढं तरी करून पाहावं: भातकापणीनंतर मोकळ्या खाचरात मुलांच्या हाती थर्माकोलचं साधं ग्लायडर द्यावं. रिमोट नंतर येईल, आधी त्यांना वारा ओळखू द्यावा.