‘रोज चालावे’ – पण कोठे?

वार्षिक अहवाल हाती आल्यावर आपण प्रथम काय पाहता, याची आम्हांस कल्पना आहे. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती गरजूंना सवलत मिळाली आणि आपण विश्वासाने दिलेल्या रकमेचा विनियोग कसा झाला, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे व ते अन्य पृष्ठांवर आम्ही केले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रुग्णालयाच्या भिंतींबाहेरचा आहे. तो आहे पायवाटेचा.

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांपैकी कोणत्याही तक्रारीसाठी येणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर औषधांच्या खाली एक ओळ हमखास असते : ‘रोज चालणे.’ वर्षानुवर्षे आम्ही ही ओळ लिहीत आलो. एकदा एका मध्यमवयीन गृहिणीने कागदाची घडी घालता घालता विचारले, “डॉक्टर, चालायचं ते कुठं? दाराबाहेर पडलं की रहदारी. फूटपाथवर गाड्या लावलेल्या असतात, आणि पहाटे एकटीनं टेकडीवर जाऊ नको म्हणतात घरचे.” आमच्याजवळ उत्तर नव्हते. औषध लिहून द्यावे आणि ते गावातल्या एकाही दुकानात मिळू नये, तसा हा प्रकार होता. तो प्रश्न आम्ही आधीच विचारायला हवा होता, ही कबुली देऊनच पुढचे लिहितो.

चालणे हे औषध कसे?

१९५३ साली लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून असत. वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. एकाच गाडीत काम करणाऱ्या या दोघांपैकी वाहकांना हृदयधमन्यांचा विकार कमी प्रमाणात होत असल्याचे दिसून आले. शारीरिक हालचाल आणि हृदय यांच्या नात्याचा शास्त्रशुद्ध विचार येथून जोमाने सुरू झाला.

आपल्या देशातील पुरावाही बोलका आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहारातील बदल आणि चालण्यासारखा नियमित व्यायाम यांचे पाठपुराव्यासह मार्गदर्शन ज्यांना मिळाले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटात ही घट सुमारे २६ टक्के होती. म्हणजे नेमाने केलेली हालचाल आणि मिताहार हे गोळीच्या तोडीचे ठरले. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे गेल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आहे. हे आकडे शेजारी ठेवले की, चालण्यासाठी जागा असणे ही हौशीची बाब नव्हे, हे ध्यानी येते.

हरितमार्ग म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ‘ग्रीनवे’ म्हणतात, त्यास आपण हरितमार्ग म्हणू. वाहनांपासून वेगळा, झाडांच्या सोबतीने जाणारा, सर्वांसाठी खुला असा लांबट हिरवा पट्टा म्हणजे हरितमार्ग. उद्यान आणि हरितमार्ग यांत एक महत्त्वाचा भेद आहे. उद्यानात आपण मुद्दाम जातो व गोल फिरून परत येतो. हरितमार्ग मात्र आपल्याला कोठेतरी नेतो – शाळेकडे, मंडईकडे, देवळाकडे, टेकडीच्या पायथ्याकडे. त्यामुळे चालण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. रोजच्या कामातच चालणे होते.

अशा मार्गासाठी दाटीच्या शहरात जागा कोठून आणायची, हा पहिला प्रश्न. त्याचे एक उत्तर अमेरिकेतील शिकागोजवळ सापडले. तेथील उपनगरांना जोडणाऱ्या एका विद्युत रेल्वेची प्रवासी वाहतूक १९५७ साली बंद पडली आणि रुळांची जमीन ओसाड झाली. मे थिलगार्ड वॉट्स या सत्तर वर्षांच्या निसर्ग-अभ्यासिकेने सप्टेंबर १९६३ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकास पत्र लिहिले. ही सलग पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली जाण्यापूर्वी तिची पायवाट करावी, अशी त्यांची मागणी होती. पत्र वाचून माणसे जमली, स्वयंसेवी संस्था उभी राहिली, जमीन भाडेपट्ट्याने मिळाली. आज ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ या नावाने ओळखली जाणारी ही वाट सुमारे ६१ मैल, म्हणजे जवळजवळ १०० किलोमीटर लांबीची आहे. पुढे १९८३ साली तेथील कायद्यात अशी दुरुस्ती झाली की, बंद पडणारा लोहमार्ग तुकडे न करता वाटेसाठी राखून ठेवता यावा. त्या देशात अशा वाटांची संख्या आज दोन हजारांहून अधिक आहे.

सिंगापूरने वेगळी युक्ती योजली. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यांच्या कडेला देखभालीसाठी राखलेली जमीन तेथे होतीच. १९९० च्या दशकापासून तिच्यावर वाटा काढून एक उद्यान दुसऱ्या उद्यानाशी जोडण्यास सुरुवात झाली. आज त्या लहानशा देशात अशा जोडवाटा ३०० किलोमीटरहून अधिक आहेत. नवी जमीन विकत घेण्याआधी आपल्याजवळ पडून असलेली लांब पट्टी शोधावी, हा या दोन्ही उदाहरणांचा बोध आहे. नदीकाठ, ओढ्याचा काठ, कालव्याचा बांध, जलवाहिनीची बाजू – अशा पट्ट्या आपल्याकडेही आहेत.

आपल्या टेकड्या

पुणेकर या बाबतीत भाग्यवान आहेत. पर्वती, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, वेताळ टेकडी, तळजाई ही आपल्या कित्येक पिढ्यांची व्यायामशाळा आहे. उन्हाळ्यात पहाटे टेकडी चढताना पाण्याची बाटली सोबत नेऊन वाटेवरच्या रोपांना घालणारी मंडळी आपण पाहिली असतील. कदाचित आपण त्यांतीलच एक असाल. १९९७ साली महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर सुमारे ९७८ हेक्टरांचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण ठेवण्याचा विषय नागरिकांनी वर्षानुवर्षे लावून धरला, तेव्हा कोठे २०१५ साली राज्य शासनाने तो मान्य केला. टेकडी आपोआप राहत नाही. कोणीतरी राखली म्हणून ती राहते.

परंतु गुडघ्याचे रुग्ण टेकडी चढू शकत नाहीत आणि ज्यांना चढता येते, त्यांपैकी अनेकांना पायथ्यापर्यंत गाडीने जावे लागते. चालण्यासाठी वाहन काढावे लागावे, यातच आपल्या शहराचे दुखणे आहे. टेकडी आहे, घरापासून टेकडीपर्यंतची सपाट, सावलीची वाट नाही. हरितमार्गाची खरी गरज ह्या मधल्या अंतरात आहे.

वाट चांगली कशाने होते?

खर्चाने नव्हे, हे प्रथम सांगितले पाहिजे. भारतीय रस्ते परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर रुंद मोकळी जागा असावी. आजोबा काठी टेकीत चालले आहेत आणि समोरून चाकाची खुर्ची येत आहे, अशा वेळी दोघांनाही थांबावे लागू नये, एवढाच या मापाचा अर्थ. उतार सौम्य असावा. वीस मीटर चालल्यावर एक मीटरहून अधिक चढ नसेल, तर हृदयरुग्णास तो जड जात नाही. नीट दाबलेला मुरूम पायांस सुखाचा असतो. मात्र पावसाचे पाणी आडवे काढून दिले नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात तो वाहून जातो. टेकडीवर तर फरशी घालूच नये. तेथे लोकांनी जवळच्या आडवाटा न काढता एकाच वाटेने चालणे, हीच मातीची राखण.

झाडे आपल्या मातीतली असावीत : कडुनिंब, करंज, बहावा, ओढ्याकाठी अर्जुन. हिरवाईचा गुण केवळ डोळ्यांपुरता नसतो. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

आणखी काही गोष्टी नकाशावर दिसत नाहीत, पण वाट चालती राहणे त्यांवरच अवलंबून असते. टेकायला बाक हवा. स्वच्छतागृह हवे, ते नसेल तर मधुमेही आणि वृद्ध त्या वाटेला फिरकत नाहीत. संध्याकाळी दिवे हवेत आणि आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या वाटेकडे उघडणाऱ्या हव्यात. उंच भिंतींच्या बोळातून स्त्रिया जात नाहीत. दुचाकी अडवण्यासाठी बसवलेले फिरते फाटक चाकाच्या खुर्चीलाही अडवते, हे विसरू नये. आणि दर १०० मीटरवर अंतराचा एक दगड हवा. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्या रुग्णास ‘थोडे थोडे चाला’ असे सांगण्याऐवजी ‘या आठवड्यात तिसऱ्या दगडापर्यंत, पुढील आठवड्यात पाचव्या’ असे सांगता आले, तर त्याला व आम्हांलाही प्रगती मोजता येते.

वाट कोणाच्या अंगणातून जाते?

एक कटू बाबही नमूद केली पाहिजे. मुंबईत तानसा जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी न्यायालयाच्या आदेशाने तिच्या दुतर्फा असलेल्या झोपड्या हटवण्यात आल्या आणि मोकळ्या झालेल्या पट्टीवर सायकल व पादचारी मार्गाची योजना पुढे आली. तेथील अनेक कुटुंबांना माहुल येथे घरे देण्यात आली. परंतु कारखान्यांच्या सान्निध्यातील त्या हवेने आपले आरोग्य बिघडते, अशी तक्रार घेऊन रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०१९ साली न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. जलवाहिनीची सुरक्षितता आवश्यक होती, यात वाद नाही. पण एकाच्या फुप्फुसांसाठी काढलेली वाट दुसऱ्याच्या फुप्फुसांवर उठता कामा नये, हे आम्हां वैद्यकीय मंडळींना तरी विसरून चालणार नाही. वाटेची आखणी करताना त्या पट्टीवर आज कोण राहते, कोण भाजी विकते, कोण गुरे नेते, हे आधी विचारावे.

वाटेवर पावले यावीत म्हणून

वाट बांधली की लोक चालू लागतात, असे नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातील सॉनिंग कॉमन या गावी डॉ. विल्यम बर्ड यांनी १९९० च्या दशकात आपल्या रुग्णांसाठी एक साधा उपक्रम आरंभिला. त्यांनी दवाखान्याच्या परिसरातील पायवाटांचे नकाशे केले आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी स्वयंसेवकाच्या सोबतीने चालण्याचे गट सुरू केले. पुढे त्यास देशव्यापी स्वरूप आले. एकटा माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो. कोणी वाट पाहत असेल तर तो उठतो. आपल्या वारकऱ्यांना हे सांगण्याची गरज नाही. दिंडीत चालणाऱ्यास अंतर जाणवत नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी थोड्या सूचना येथेच देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीने हालचाल करावी. तीही थोडी थोडी वाढवत न्यावी. मधुमेहींनी दवावर अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झाली असल्यास काटा रुतलेलाही कळत नाही व जखम चिघळते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. चालताना छातीत दाटून आले, दम लागला वा घेरी आली, तर तेथेच थांबावे. त्रास ओसरला नाही, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

आमचा नम्र प्रयत्न

रुग्णालयाने रस्ते बांधावेत, अशी कोणाची अपेक्षा नाही आणि आपल्या देणग्या त्यासाठी नाहीत. परंतु ‘रोज चालणे’ या ओळीपुढे ‘कोठे?’ हा प्रश्न यापुढे केसपेपरवर असेल. रुग्ण व आम्ही मिळून त्याचे उत्तर शोधू आणि जेथे ते सापडणार नाही, ती जागाही नोंदवून ठेवू. अशा नोंदी हाती असल्या, म्हणजे बाक, दिवा वा फाटक यांची मागणी महापालिकेकडे नेमकेपणाने करता येते. पुणे महापालिकेने २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागवण्याची प्रथा सुरू केली, ती अशाच लहान कामांसाठी होती.

आमच्या सुहृदांना व हितचिंतकांना एवढीच विनंती की, उद्या सकाळी आपल्या दारापासून जवळच्या झाडांच्या सावलीपर्यंत एकदा चालून पाहावे. वाटेत कोठे थांबावे लागले, कोठे रस्त्यावर उतरावे लागले, कोठे बसावेसे वाटले, ते आम्हांस लिहून कळवावे. त्या गृहिणीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकट्याने देऊ शकत नाही. ते आपणा सर्वांच्या पावलांनीच द्यावयाचे आहे.