शनीचे पाच अंश

मी शाळेत असताना एका वर्षी शेजारच्या काकूंकडे आमच्या आधी तब्बल एक महिना गणपती बसले. आई म्हणाली, "त्यांच्याकडे टिळक पंचांग असतं." तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. आकाश एक, चंद्र एक, मग गणपतीचे महिने दोन कसे? या प्रश्नापायी पुढे अनेक वर्षं जुनी पंचांगं आणि करणग्रंथ, म्हणजे ग्रहगणिताची पुस्तकं, चाळत राहिलो. शेवटी येऊन थांबलो ते मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात, केशव आणि गणेश या दैवज्ञ पिता-पुत्रांपाशी.

कोपर्निकस, केप्लर, न्यूटन ही वाट वाचकांना ठाऊक आहे. कोकण किनाऱ्यावरची वाट त्या मानाने कमी मळलेली आहे. आपल्याकडे ग्रहगणिताचे सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन मुख्य पक्ष होते. एका युगात प्रत्येक ग्रह किती फेऱ्या घालतो, याचे आकडे प्रत्येक पक्ष देई आणि त्यांत किंचित फरक असे. आकडा किंचित जरी चुकला तरी शतकं लोटली की चूक साचते, आणि पोथीतला गुरू एकीकडे, आकाशातला दुसरीकडे दिसू लागतो. ही तफावत काढून टाकण्यासाठी जी दुरुस्ती करायची, तिला बीजसंस्कार म्हणत.

केशव दैवज्ञांनी शके १४१८ मध्ये, म्हणजे इ.स. १४९६ साली, 'ग्रहकौतुक' लिहिलं आणि त्यावर स्वतःच टीकाही लिहिली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ सालच्या इतिहासग्रंथामुळे ती मराठी वाचकांपर्यंत पोचली. माझ्या मते आपल्या ज्योतिषवाङ्मयातला हा सर्वांत मोलाचा कागद आहे. केशव तीनही पक्षांची गणितं शेजारी शेजारी ठेवतात, ती आकाशाशी ताडून पाहतात आणि कोणाचं कुठे जुळतं ते सांगतात. त्यांची वेध घेण्याची साधनं साधी होती: ग्रहाची ताऱ्याशी युती, दोन ग्रहांची एकमेकांशी युती, उदय आणि अस्त. ग्रह ओळखीच्या ताऱ्याला खेटून गेला, की तो तारा मैलाच्या दगडासारखा उपयोगी पडतो आणि ग्रहाची जागा ठरते. टीकेत केशव पुढच्या गणितज्ञांना बजावतात, की तुम्हीही असेच वेध घ्या, फेऱ्यांचे आकडे कमी-जास्त करा आणि नवी गणितं रचा.

मुलाने ते मनावर घेतलं. गणेश दैवज्ञांचा 'ग्रहलाघव' शके १४४२ चा, म्हणजे इ.स. १५२० चा. तेव्हा ते जेमतेम तेरा वर्षांचे होते, अशी परंपरा आहे. ग्रंथाच्या आरंभीच एका श्लोकात त्यांनी आपला सगळा हिशेब उघड मांडला आहे. सूर्य सौरपक्षाचा घेतला; चंद्राचं उच्च, म्हणजे त्याच्या कक्षेतला पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू, तेही सौरपक्षाचं. चंद्रही सौरपक्षाचाच, पण त्यातून नऊ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वजा. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. बुधाचं केंद्र ब्राह्मपक्षाचं. शुक्राचं केंद्र ब्राह्म आणि आर्य यांच्या मधोमध. शनी आर्यपक्षाचा, पण त्यात पाच अंश मिळवलेले. असे घेतले की ग्रह डोळ्यांना दिसतात तिथेच गणितातही येतात, असं ते सांगतात.

या श्लोकातलं धाडस ध्यानात घ्यायला हवं. पक्ष म्हणजे परंपरा, गुरू-शिष्यांची निष्ठा. गणेशांनी कुठल्याच पक्षाला पूर्ण मान दिला नाही, मान दिला तो आकाशाला. शनीच्या पाच अंशांत पूर्ण चंद्राची दहा बिंबं ओळीने मावतात, आणि शनीला तेवढं अंतर चालायला सुमारे पाच महिने लागतात.

गणित सुटसुटीत करण्याची त्यांची हातोटीही पाहण्यासारखी आहे. कलियुगाच्या आरंभापासून दिवस मोजायचे तर त्यांच्या काळी ती संख्या सुमारे १७ लाख होती. त्यांनी ४०१६ दिवसांचं, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचं चक्र घेतलं. एवढ्या दिवसांत जवळजवळ नेमके १३६ चांद्रमास बसतात. शके १९४७ घ्या. त्यातून १४४२ वजा केले की उरतात ५०५. अकराने भागलं की ४५ चक्रं पुरी आणि बाकी दहा वर्षं. दिवस मोजायचे ते फक्त या दहा वर्षांचे. पुऱ्या चक्रांचा हिशेब प्रत्येक ग्रहाच्या ठरलेल्या 'ध्रुवा'ने आणि आरंभीच्या 'क्षेपका'ने चुकता होतो. शिवाय ज्या-कोटिज्यांची कोष्टकं कुठेच लागत नाहीत. खेडेगावातला जोशीसुद्धा हे गणित करू शके, म्हणून ग्रंथ घरोघर पोचला.

आता मला बरीच वर्षं डाचत असलेली गोष्ट. केप्लरने टायको ब्राहेचे मंगळाचे वेध वर्तुळाच्या गणितात बसवून पाहिले, तेव्हा तफावत आली आठ कलांची, चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढी. त्याने आठ कला मिळवून काम भागवलं नाही. टायकोचा वेध इतका चुकणार नाही, असं म्हणून त्याने वर्तुळच सोडलं आणि १६०९ साली लंबवर्तुळ मांडलं. गणेशांनी पाच अंश मिळवले आणि चौकट तशीच ठेवली. डोळ्यांवरचा विश्वास दोघांचाही सारखाच होता, पण केप्लरच्या हाती टायकोने अनेक वर्षं रात्रीमागून रात्री घेतलेले बारीक वेध होते. नांदगावच्या दोघांपाशी अशी वेधशाळा नव्हती. ग्रह कुठे आहे ते दुरुस्तीने कळतं. तो तिथे का आहे हे कळायला वेधांची मोठी रास लागते. ती साठवणारी संस्था आपण त्यांच्यामागे उभी केली नाही, हा दोष त्यांचा नव्हे.

आपलं गणित कायमचं नाही, हे गणेशांना पुरतं ठाऊक होतं. 'बृहत्तिथिचिंतामणी'त त्यांनी लिहून ठेवलं आहे, की फार काळाने हेही गणित 'श्लथ', म्हणजे सैल, झालं तर ग्रहणं आणि ताऱ्यांशी होणाऱ्या युती पुन्हा पाहा आणि ते शुद्ध करा. पुढच्यांनी ग्रंथ डोक्यावर घेतला आणि ही सूचना मागे ठेवली. आपली पंचांगं शतकानुशतकं ग्रहलाघवावर चालत राहिली.

गणेशांनंतर ३४० वर्षांनी, १८६० साली, केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपातल्या नव्या कोष्टकांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून त्यांवर पटवर्धनी पंचांग निघू लागलं. शास्त्र बुडालं अशी ओरड झाली, पण छत्र्यांनी गणेशांचीच आज्ञा पाळली होती. त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनी पुढे हाच पक्ष धरला. खरा वाद उरला तो राशिचक्र कुठून मोजायचं याचा. टिळक पंचांग मानतं तसं रेवती नक्षत्रातल्या झीटा पिशियम ताऱ्यापासून, की वेंकटेश बापूजी केतकर म्हणत तसं चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरच्या बिंदूपासून? या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचं अंतर आहे, म्हणून सूर्याच्या संक्रांती सुमारे चार दिवस पुढे-मागे होतात. ज्या चांद्रमासात संक्रांत येत नाही तो अधिक महिना. संक्रांत सरकली की एखाद्या वर्षी अधिक महिनाही बदलतो, आणि शेजारी-शेजारी दोन घरांतले गणपती महिन्याच्या अंतराने बसतात. काकूंच्या गणपतीचं कोडं मला असं सुटलं.

वाचकांना एक विनंती. कार्तिकी पौर्णिमेनंतर पंचांगात चंद्र रोहिणीत लिहिलेला असेल, त्या रात्री गच्चीवर जा. चंद्राच्या जवळपास एक तांबूस, ठळक तारा दिसतो, तीच रोहिणी. पंचांगात लिहिलेला चंद्र खरोखर तिथे आहे का, हे आपल्या डोळ्यांनी पाहा. केशव दैवज्ञांनी पुढच्यांना सांगितलेलं काम तिथूनच सुरू होतं.