गोठ्यातली फटफटी

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जा. कडब्याच्या गंजीआड किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेली एक जुनी मोटारसायकल हमखास सापडेल. कधी ती राजदूत असते, कधी जावा, तर कधी येझदी. आजोबांनी तिच्यावर दुधाच्या किटल्या वाहिल्या, वडिलांनी तिच्यावरून आठवडी बाजार केला, आणि एके दिवशी ती बंद पडली ती पडलीच. आता कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालतात. भंगारवाला दर वर्षी येऊन किलोचा भाव सांगून जातो.

ही फटफटी थोड्या पैशांत पुन्हा चालू होईल का? पुष्कळदा होते. त्यासाठी पैशापेक्षा दोन गोष्टी जास्त लागतात: धीर, आणि तुम्ही शाळेत शिकता तेच विज्ञान. कसे ते पाहू या.

उदाहरणासाठी जावा घेऊ. १९२९ साली प्राग शहरात यानेचेक या उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलचा आराखडा विकत घेतला. ‘यानेचेक’ आणि ‘वाँडरर’ या दोन नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव झाले. आपल्याकडे म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ही गाडी तयार होऊ लागली, पुढे तीच ‘येझदी’ नावाने विकली गेली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. तिची एक गंमत पाहा: जिने किक मारायची, तीच दांडी खाली वळवली की गिअर बदलण्याची दांडी होते!

आधी कागद, मग पाना

पहिले काम फुकटचे आहे. गाडीचे नोंदणीपुस्तक शोधा. सांगाड्यावर आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक त्यातल्या क्रमांकांशी जुळतात का ते पाहा. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तिचे नूतनीकरण करावे लागते. कागद नसतील आणि मिळण्याची आशाही नसेल, तर रस्त्यासाठी त्या गाडीवर पैसा घालू नका. तिचे इंजिन शाळेच्या प्रयोगशाळेत शिकण्यासाठी मात्र सोन्यासारखे आहे.

अडकलेला दट्ट्या

जुन्या गाडीची किक दाबावी तर ती जागची हलत नाही. इंजिन ‘जाम’ झाले आहे. म्हणजे नेमके काय झाले आहे?

जावाच्या २५० गाडीत सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव ७५ मिलिमीटर असते. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. त्रिज्या ३.२५ सेंटिमीटर. तिचा वर्ग १०.५६. त्याला २२/७ ने आणि मग ७.५ ने गुणा. उत्तर सुमारे २४९ घनसेंटिमीटर येते. ‘अडीचशे सीसीची गाडी’ म्हणतात ती या गणितावरून.

सिलिंडर बिडाचा आणि दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. तापल्यावर दोन्ही धातू प्रसरण पावतात, पण सारखे नाही. तापमान १०० अंश सेल्सिअसने वाढले, तर ६५ मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियम सुमारे ०.१५ मिलिमीटर वाढते आणि तेवढेच बीड सुमारे ०.०७ मिलिमीटर. फरक ०.०८ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम वहीच्या पानाच्या जाडीएवढा! म्हणून दोघांमध्ये तेवढी फट मुद्दाम ठेवावी लागते. या फटीत तेलाचा पातळ थर असतो. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की थर निथळून जातो, पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि बिडाला गंज चढतो. गंजाचे घनफळ तो ज्या लोखंडापासून बनला त्याच्या दुपटीहून अधिक असते. एवढ्याशा फटीत तो पाचरीसारखा बसतो आणि दट्ट्याला धरून ठेवतो.

अशा वेळी किकवर उड्या मारणे किंवा दट्ट्यावर हातोडी चालवणे म्हणजे शंभराच्या कामासाठी हजारांचे नुकसान करणे होय. प्लग काढा. त्या भोकातून डिझेल आणि इंजिनाचे तेल समप्रमाणात मिसळून चहाचा अर्धा कप ओता आणि आठवडाभर वाट पाहा. तेल केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत चढते त्याच गुणाने, फटीत शिरते. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने हळूहळू पुढेमागे झुलवा. आज केसभर हलेल, उद्या बोटभर. नाहीच हलले तर आणखी आठवडा थांबा. वाट पाहण्याला पैसे पडत नाहीत.

दट्ट्या सुटल्यावर सिलिंडर उघडून आत बोट फिरवा. गुळगुळीत लागला तर नशीब चांगले. खोल ओरखडे असतील तर तो लेथवाल्याकडे नेऊन अर्धा मिलिमीटर मोठा करून घ्यावा लागतो आणि त्या मापाचा नवा दट्ट्या बसवावा लागतो. हा मोठा खर्च आहे, पण तो टाळू नये.

चिंच, सोडा आणि वीज

सांगाड्याच्या सुट्या भागांवरचा गंज काढायला महागडे रसायन लागत नाही. तुमची आजी पितळेची भांडी कशाने घासते? चिंचेने. चिंचेत टार्टारिक आम्ल असते. लोखंडाचे गंजलेले नटबोल्ट चिंचेच्या कोळात रात्रभर ठेवा. आम्ल गंज विरघळवते. मात्र ते पुढे चांगले लोखंडही खाऊ लागते, म्हणून भाग वेळेवर काढा, सोड्याच्या पाण्यात बुडवून उरलेले आम्ल मारा, उन्हात कडक वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा. ओले लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होते.

मोठ्या भागांसाठी विद्युत अपघटन वापरता येते. प्लॅस्टिकच्या टबात पाणी घ्या. दर चार लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा घाला. बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला आणि धन टोक लोखंडाच्या निरुपयोगी तुकड्याला जोडा. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नका. प्रवाह सुरू होताच गंजलेल्या भागावर बुडबुडे येतात. तो हायड्रोजन असतो. त्याच्या रेट्याने गंज सैल होतो, आणि काही गंज ऑक्सिजन गमावून काळ्या भुकटीत बदलतो. दुष्काळी भागात या रीतीचा मोठा फायदा असा की तेच पाणी पुन्हापुन्हा वापरता येते.

येथे चार गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून हे काम उघड्यावर करा आणि जवळ विडी-काडी नको. धन टोकाला स्टेनलेस स्टीलचा चमचा वगैरे लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात घालू नका, सोडा त्यांना खातो. आणि टबात हात घालण्यापूर्वी वीज बंद करा. शिक्षक किंवा घरातले मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय हा प्रयोग नाही!

फवारा आणि ठिणगी

आता इंजिनाला लागते तीन गोष्टींची शिदोरी: इंधन, दाब आणि ठिणगी.

इंधनाचे काम कार्बुरेटर करतो. एक नळी पाण्याच्या पेल्यात उभी धरा. दुसऱ्या नळीने तिच्या वरच्या टोकावरून जोरात फुंका. पाणी वर चढते आणि त्याचा फवारा उडतो. वेगाने जाणाऱ्या हवेच्या झोतामुळे टोकाशी दाब कमी होतो, आणि पेल्यातल्या पाण्यावरचा हवेचा दाब ते वर ढकलतो. कार्बुरेटरमध्ये पाण्याच्या जागी पेट्रोल असते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ १३ लिटर हवा लागते! हे प्रमाण ठरते ते ‘जेट’ नावाच्या पितळी भागाच्या सुईच्या टोकाएवढ्या भोकामुळे. उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. त्यानेच हे भोक बुजते. ते तारेने टोकरू नका, भोक मोठे झाले की हिशेबच बिघडला. द्रावणात भिजवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा.

आजच्या पेट्रोलबद्दल एक गोष्ट बीडच्या वाचकाला जवळची वाटेल. देशात २०२५ पासून पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते बऱ्याच प्रमाणात उसापासून बनते, आणि तो ऊस तोडायला दर हंगामात बीडची हजारो कुटुंबे घर सोडून जातात. हे इथेनॉल हवेतली वाफ शोषते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल यांचा थर टाकीच्या तळाशी बसतो, आणि इंजिनाकडे जाणारा नळ तळाशीच असतो! शिवाय जुन्या काळच्या रबरी नळ्या आणि वायसर त्याने फुगतात. म्हणून रबरी भाग नवे घाला. तोडीला जाताना गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर नळ बंद करून कार्बुरेटर रिकामा करून ठेवा.

जावा, येझदी आणि राजदूत ही दोन धावांची इंजिने आहेत. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पंचवीस भागांना एक भाग प्रमाण असेल तर लिटरला ४० मिलिलिटर. नेमके प्रमाण गाडीच्या माहितीपुस्तकात पाहा. कंजूसपणाने तेल कमी घातले तर वर सांगितलेली फट कोरडी पडते.

ठिणगीसाठी सहा व्होल्टच्या प्रवाहाचे हजारो व्होल्ट करावे लागतात. ते काम कॉइल करते. तिच्या आतल्या थोड्या वेढ्यांमधला प्रवाह एकदम तोडला की हजारो वेढ्यांच्या दुसऱ्या तारेत मोठा दाब निर्माण होतो. हा फॅरेडेचा नियम झाला. प्रवाह तोडणारे ‘पॉइंट’ काजळले की ठिणगी मरते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या दोन धावांच्या इंजिनात सेकंदाला ५० ठिणग्या पडतात. पॉइंट बारीक पॉलिश कागदाने पुसून योग्य फट ठेवली, तर कितीतरी ‘मेलेल्या’ गाड्या जिवंत होतात.

रंग शेवटी, ब्रेक आधी

हाती पैसे थोडे असले की मोह होतो टाकीला चकचकीत रंग देण्याचा. येथे पुन्हा एक हिशेब करा. गाडी आणि दोन माणसे मिळून २९० किलो धरा. मांजरसुंब्याच्या घाटासारख्या उतारावर ती समजा १०० मीटर खाली आली. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार सुमारे २,८४,००० ज्यूल. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी ६८ अंशांनी तापेल. ती बरीचशी उष्णता ब्रेकच्या दोन लहान डब्यांतच निर्माण होते, कारण दोन धावांचे इंजिन उतारावर गाडीला फारसे रोखत नाही. मग ब्रेकचे झिजलेले पट्टे, कुजलेली केबल आणि भेगाळलेला टायर तसाच ठेवून टाकी रंगवणे शहाणपणाचे आहे का?

म्हणून खर्चाचा क्रम असा लावा: आधी ब्रेक, टायर, केबल आणि साखळी. मग इंजिनाचे सील, बेअरिंग आणि पॉइंट. मग दिवे. उरले तर रंग. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून त्यांची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

आणि पेट्रोलची टाकी गळत असेल तर ती कधीही स्वतः झाळू नका. ‘टाकी तर रिकामी आहे’ असे म्हणूनच अपघात होतात. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची, कारण पेट्रोलची वाफ हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के असली की ती स्फोटक होते, आणि रिकाम्या टाकीत नेमके तेच मिश्रण असू शकते.

मित्रांनो, अठरा वर्षे पुरी होऊन परवाना मिळेपर्यंत ही गाडी तुम्ही चालवायची नाही. पण ती का चालते हे समजून घ्यायला वयाची अट नाही. येत्या सुट्टीत गोणपाट बाजूला सारा. एक वही घ्या. प्रत्येक नट कोठून काढला त्याचे चित्र काढा. कोणता भाग फुकट सुधारला, कोणता विकत घ्यावा लागला, ते लिहा. पुढच्या वर्षी भंगारवाला येईल तेव्हा त्याला काय सांगायचे, ते त्या वहीवरूनच ठरेल.