खाऱ्या पाण्याच्या टाकीतला दिवा किती तास लावायचा? पोवळी ठेवणाऱ्यांनी हे वाचाच

मालवण : होमस्टेच्या पडवीत नाहीतर हॉटेलच्या काउंटरजवळ समुद्री टाकी ठेवायची, त्यात दोन रंगीत मासे आणि थोडी पोवळी सोडायची, असा विचार करताय? मग मासे आणण्याआधी दिव्याचं वेळापत्रक ठरवा. पोवळी पांढरी पडली किंवा काचेवर हिरवं शेवाळ चढलं की माणूस आधी पाण्याला दोष देतो. पाणी तपासायलाच हवं, पण बऱ्याचदा चूक दिव्याच्या बटणात असते.

पोवळं हे झाड नाही, प्राणी आहे. पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं पोवळ्याला देतं. उजेड कमी पडला तर पोवळं उपाशी राहतं. उजेड एकदम जास्त झाला तर हेच शेवाळ त्याला त्रासदायक होतं, पोवळं ते बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. म्हणजे पाहुणे बघतायत म्हणून रात्री बारापर्यंत दिवे चालू ठेवणं हे लाड नाहीत, मारच आहे.

तास किती? साधारण ८ ते १० पुरतात. ते सकाळीच सुरू झाले पाहिजेत असं काही नाही. पोवळ्याला घड्याळ कळत नाही, रोजची सवय कळते. घरात माणसं संध्याकाळी असतात, म्हणून हे वेळापत्रक सोयीचं पडतं : दुपारी १ वाजता फक्त निळा दिवा, २ ते ८ निळा आणि पांढरा दोन्ही, ८ ते १० पुन्हा फक्त निळा, १० नंतर पूर्ण अंधार. निळाच का, तर समुद्रात खोल जाताना लाल रंग आधी विरतो आणि निळा जास्त खोल पोचतो. पोवळ्यांना त्याची सवय असते. रात्री शोभेसाठी मंद ‘चांदणं’ लावून ठेवायची पद्धत आहे, पण ते नसलं तरी काही अडत नाही. टाकी खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नका, नाहीतर टायमरला काही अर्थ उरणार नाही.

आता तीव्रता. सावलीतलं रोप एकदम भर उन्हात लावलं की करपतं, तसंच इथे. नवीन पोवळं आणलं की दिवा ३० ते ४० टक्क्यांवर ठेवा आणि दर आठवड्याला १० टक्के वाढवा. तास आणि तीव्रता दोन्ही एकाच वेळी वाढवू नका, मग बिघडलं कशामुळे ते कळत नाही. शेवाळ वाढलं तर पांढरा दिवा तासभर कमी करून बघा, आणि माशांना खाणं जास्त पडतंय का तेही पाहा. एप्रिल-मे महिन्यात पाणी तापतं. २८ अंशांच्या वर जायला लागलं तर दिवा दुपारी ३ नंतर सुरू करा आणि पाण्यावर पंखा लावा.

विजेचा खर्च फार नाही. १०० वॅटचा एलईडी पूर्ण ताकदीने ९ तास चालला तरी महिन्याला सुमारे २७ युनिट.

खरी अडचण लाईट जाण्याची. चकती फिरणारा स्वस्त टायमर लाईट गेली की थांबतो. दोन तास लाईट गेली की वेळापत्रक दोन तास पुढे सरकतं, आठवड्याभरात दिवे पहाटे पेटायला लागतात. म्हणून आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. बुडालेले तास रात्री जास्त दिवा लावून भरून काढू नका. एक-दोन दिवस अंधार पोवळी सोसतात, पण पाणी हलवणारा पंप बंद पडला तर प्राणवायू कमी होऊन मासे काही तासांत मरू शकतात. तेव्हा इन्व्हर्टरवर आधी पंप जोडा, दिवा नंतर. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आपल्या जिल्ह्यात किती गावं दिवसेंदिवस अंधारात होती, ते आठवतच असेल.

आणखी एक, पोवळी आणायची कुठून? मालवणच्या समुद्रातून नक्कीच नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय सगळी दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. ती काढणं, विकणं, घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मेलेला तुकडा असला तरी. दुकानातून घेताना जातीचं नाव लिहिलेली पावती मागा. कायद्यात बसते का, अशी शंका आली तर पैसे देण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात विचारा.